मोल म्हणजे आकडा की वजन? दोन्ही ५-५ ग्रॅम घेऊन एक उरतंच कसं?

अडकलेली_अकरावी
अकरावी सायन्सला आहे, दहावीपर्यंत मराठी मीडियम. मोल कन्सेप्ट सुरू झाल्यापासून सगळं डोक्यावरून चाललंय. क्लासमध्ये सांगितलं की डझन म्हणजे १२ तसं मोल म्हणजे ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात, बरं ठीक, एवढं कळलं, पण लगेच पुढच्या ओळीत मोल म्हणजे १८ ग्रॅम पाणी आणि पान उलटलं की मोल म्हणजे २२.४ लिटर!! नक्की धरायचं काय? डझनाचं वजन कुठे ठरलेलं असतं?
आणि एक गणित आहे, ५ ग्रॅम लोहकीस आणि ५ ग्रॅम गंधक एकत्र तापवलं तर काय उरेल. उत्तर गंधक. अहो पण दोन्ही सारखंच घेतलंय, आयर्न सल्फाइडमध्ये पण एकास एकच असतात, मग उरलं कसं? सूत्रात टाकून उत्तर येतं माझं, प्रॉब्लेम तो नाहीये.

सीईटी_झाली_एकदाची
ग्रॅम भागिले मोलर मास (एका मोलचं वजन). पाठ कर आणि पुढे जा. सीईटीला फिजिक्स केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न दीड तासात असतात, तिथे "का" विचारत बसलीस तर पेपर संपतो.

टायट्रेशन_काका
वरच्याचं ऐकू नकोस, तुझा प्रश्न एकदम बरोबर जागी आहे. मी फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलला असतो, रोज मोलमध्येच काम, आणि नवीन पोरं सूत्र पाठ करून येतात पण हे विचारत नाहीत.

एकास एक कशाचं? ग्रॅमचं नाही, अणूंचं. लोखंडाचा एक अणू गंधकाच्या एका अणूला धरतो, बस. आता लोखंडाचा अणू जड, ५६, गंधकाचा ३२. म्हणजे सारख्या वजनात गंधकाचे अणू जास्त बसणार, किती जास्त तर ५६ भागिले ३२, पावणेदोन पट. लोखंडाचे अणू संपले की उरलेल्या गंधकाला जोडीदारच नाही. ५ ग्रॅम लोखंडाला साधारण २.८६ ग्रॅम गंधक पुरतं, २.१४ तसंच राहतं. उलट ५.६ ग्रॅम लोखंड आणि ३.२ ग्रॅम गंधक घेऊन बघ, वजनं वेगळी आहेत तरी काही उरत नाही, ८.८ ग्रॅम आयर्न सल्फाइड, कारण दोन्हीकडे ०.१ मोल.

खरी गोची काय आहे तर रिअॅक्शन चालते नगावर आणि आपल्या हातात आहे तराजू. अणू मोजणारं मशीन काय लॅबमध्ये नाही. मोल त्या दोघांच्या मधे बसवलेला आहे, एवढंच त्याचं काम.

आता वजन का ठरलेलं. लोखंडाच्या एका अणूचं वजन ५६ डाल्टन. एक डाल्टन म्हणजे १.६६०५ गुणिले १० चा उणे २४ वा घात ग्रॅम. मग एक ग्रॅम भरायला असे डाल्टन किती लागतील, कॅल्क्युलेटरवर १ भागिले ते करून बघ. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात येतं! तो आकडा कुणी हौसेने नाही काढलेला, डाल्टनमधला आकडा जसाच्या तसा ग्रॅममध्ये वाचता यावा म्हणून तेवढेच नग घ्यायचे ठरलं. ग्रॅमऐवजी किलो धरून केलं असतं तर हजारपट मोठा आकडा पाठ करावा लागला असता.

आणि ते २२.४ लिटर फक्त वायूला लागू, तेही शून्य डिग्री सेल्सिअस आणि एक अॅटमॉस्फिअर दाबाला. पाण्याचा एक मोल म्हणजे १८ मिली, सव्वा टेबलस्पून, २२ लिटर नाही. नागपुरात मे महिन्यात ४५ डिग्रीला तोच वायू २६ लिटर जागा खाईल, मोल मात्र एकच. काही पुस्तकांत २२.७ दिसेल, तिथे दाब एक बार धरलेला असतो, गोंधळू नको.

यूकेवाला_मराठी
काकांनी मस्त सांगितलं. घरातलं उदाहरण देतो. आईची साखर गावाकडच्या लॅबमध्ये उपाशीपोटी १२६ आली, तेच मी इकडच्या मीटरवर बघतो तर ७.०. ती फोनवर म्हणे तुमच्याकडे मशीन बिघडलंय का एवढी कमी कशी! भारतात डेसिलिटरमागे मिलिग्रॅम, म्हणजे वजन. इकडे लिटरमागे मिलिमोल, म्हणजे नग. ग्लुकोजचं मोलर मास १८० म्हणून १८ ने भागायचं (१८०० नाही १८० नाही, डेसिलिटरचं लिटर करताना १० ने गुणावं लागतं ना, म्हणून). पण कोलेस्टेरॉलला १८ चालत नाही हां, त्याचा रेणू दुपटीहून जड, साधारण ३८७, तिथे ३८.७ ने भागायचं. २०० म्हणजे इकडे ५.२ च्या आसपास. १८ आणि ३८.७ कुठून आले हे डॉक्टरच्या पोस्टरवर कधी लिहिलेलं नसतं, ते अकरावीच्या या धड्यातून आलेत.

काथ्याकूट
एक दुरुस्ती, नाहीतर मला झोप लागणार नाही. काकांचं गणित हिशोबाला चोख आहे पण व्याख्या म्हणून जुनी. १९७१ ला मोल एसआयमध्ये (आंतरराष्ट्रीय एककपद्धतीत) घेतला तेव्हा व्याख्या होती १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जेवढे अणू तेवढे नग. २० मे २०१९ पासून ते उलटं केलंय, आकडाच पक्का, ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात, त्यापुढे आणखी अंक नाहीत. मग आता कार्बन-१२ चा मोल अगदी काटेकोर १२ ग्रॅम असेलच असं व्याख्येत नाही, तो मोजायचा, फरक इतका बारीक की तुमच्या कंपनीच्या बॅलन्सला जन्मात दिसणार नाही. हा आकडा पक्का करायला जवळपास शुद्ध सिलिकॉन-२८ चा एक किलोचा गोळा केला होता, व्यास ९४ मिमीच्या आत-बाहेर, आणि क्ष-किरणांनी त्यातल्या अणूंमधली अंतरं मोजून अणू किती ते काढलं.
आणि ज्याच्या नावाने हा आकडा ओळखतात त्या बिचाऱ्या अॅव्होगाड्रोला तो माहीतच नव्हता. तो १८११ मध्ये एवढंच म्हणाला की सारख्या तापमान-दाबाला सारख्या आकारमानाच्या वायूंत रेणू सारखेच. रेणू केवढा असेल याचा पहिला बरा अंदाज लोश्मिटचा, १८६५. अॅव्होगाड्रोचं नाव आकड्याला दिलं जाँ पेरँने, १९०९ ला.

सीईटी_झाली_एकदाची
हे परीक्षेत येत नाही काका

अडकलेली_अकरावी
येऊ दे नाहीतर नको येऊ दे, मला पावणेदोन पट वाचून लख्ख झालं 🙏 आत्ताच वहीत लिहिलं. अजून एक, ऑक्सिजनचा १ मोल म्हणजे १६ ग्रॅम की ३२? दोन गणितांत दोन वेगळी उत्तरं आहेत.

टायट्रेशन_काका
दोन्ही बरोबर असू शकतात, नग कशाचा मोजतेयस ते आधी बोल. अणूंचा मोल असेल तर १६, ऑक्सिजन वायू म्हटलं की तो जोडीने असतो म्हणून ३२. नुसतं "१ मोल ऑक्सिजन" लिहिलं असेल तर प्रश्न काढणाराच ढिला आहे, पण अशा वेळी बहुतेक वायूच धरतात. प्रॅक्टिकलला याच्यावरून जास्त मार खातात पोरं, मोरचूद घे. बाटलीतले निळे खडे म्हणजे कॉपर सल्फेटच्या प्रत्येक नगाबरोबर पाण्याचे ५ रेणू, एक मोल २४९.७ ग्रॅम. पाणी उडालेली पांढरी पूड असेल तर १५९.६. ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल) द्रावण एक लिटर करायला निळे असतील तर २५ ग्रॅमच्या जवळ लागतात, आणि १६ घातलेस तर जेमतेम ०.०६४ मोलर होतं. बाटलीच्या लेबलवर पेंटाहायड्रेट लिहिलंय का बघायचं आणि मगच कॅल्क्युलेटर काढायचा.