शब्दचर्चा: रिंगाण की रिंगण? आणि गाव 'उठणं'

गेल्या दोन महिन्यांत कृष्णात खोतांच्या तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या, 'गावठाण', 'झड-झिंबड' आणि शेवटी 'रिंगाण', ज्याला २०२३ चा साहित्य अकादमी मिळाला. तिन्हींची नावंच अशी आहेत की पुस्तक मिटलं तरी शब्द डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय. आमचा कर्वेनगरला महिन्यातून एकदा जमणारा वाचनाचा ग्रुप आहे, तिथे एका मैत्रिणीने ठामपणे सांगितलं की रिंगाण हा रिंगणचाच बोलीतला उच्चार, शुद्ध रूप रिंगण, विषय संपला. मला ते अजिबात पटलेलं नाही.

म्हणजे शब्द एकच असेल, मान्य. पण पुण्यात राहून आपल्या कानाला रिंगण म्हटलं की काय येतं? वारी. तुकोबांच्या पालखीचं बेलवाडीचं गोल रिंगण, माउलींचा अश्व, टाळकरी, पताका. नाहीतर पेपरातलं निवडणुकीचं रिंगण, अमुक इतके उमेदवार रिंगणात. दोन्हीकडे रिंगण कोणीतरी आखलेलं असतं आणि बाकीचे कडेला उभं राहून बघत असतात. आणि कादंबरीत काय आहे, तर धरणामुळे उठलेल्या गावातला एक माणूस मागे राहिलेली म्हैस आणायला परत जातो, ती म्हैस आता रानाची झालेली, आणि दोघं एकमेकांभोवती फिरतायत. तिथे बघायला कडेला कोणीच नाही. मला तर वाचताना असं वाटलं की त्या लांबलेल्या 'आ'मध्येच ते फिरत राहणं आहे. मुखपृष्ठावर 'रिंगण' छापलं असतं तर मी वेगळंच काहीतरी समजून पुस्तक उघडलं असतं. तुम्हाला काय वाटतं?

*

ताई, मी मूळचा कोल्हापूरकडचा, आता सिंहगड रोडला असतो. तुमचं बरोबर हाय असं मला वाटतं. आमची आजी म्हणायची म्हस दावं तोडून गेली तरी लई लांब जात न्हाई, वळखीच्या जागंभोवतीच रिंगाण घालती. म्हणजे फिरून फिरून तिथंच येणं. मळणीच्या बैलांची पात खळ्यातल्या मधल्या खांबाभवती, म्हंजे मेढीभवती फिरते तेही आमच्या घरात रिंगाणच. बघणारा असो नसो, मधी कायतरी एक असतंय आणि त्याला सोडून जाता येत न्हाई.

*

थोडी भर घालतो. संस्कृतात 'रिङ्गण' म्हणजे रांगणं, सरपटणं. वर्तुळाचा त्यात काही संबंध नाही. शब्दाचा हा अर्थ कुठेतरी लक्षात ठेवावा असं सुचवतो.

*

काका, धन्यवाद. व्युत्पत्ती जुळो न जुळो, रांगणारं मूल आईच्या नजरेच्या टप्प्यातच फिरत असतं, हे आता माझ्या डोक्यात बसलं. आणि वरच्या दादांची मेढ तर फारच आवडली, मला तो शब्द फक्त मुहूर्तमेढीतला माहीत होता.

आता मला खरं ज्याबद्दल बोलायचंय ते, धरणाच्या आसपासचे शब्द. सरकारी कागदावर 'प्रकल्पबाधित', १९९९ चा पुनर्वसनाचा कायदाच त्या नावाचा आहे. पेपरात 'धरणग्रस्त' किंवा 'विस्थापित'. हा 'ग्रस्त' आपल्या शहराला चांगला माहीत आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पुण्यात 'पूरग्रस्त' हा शब्द घराघरात शिरला, गोखलेनगरसारख्या वसाहती त्यातूनच झाल्या. पण त्याच पानशेतसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ते धरणग्रस्त, आणि ते फुटल्यावर ज्यांची घरं गेली ते पूरग्रस्त, धरण एकच. पुण्यात पूरग्रस्तांच्या आठवणी खूप निघतात, दरवर्षी जुलैत निघतात, धरणग्रस्तांच्या मी फार कमी ऐकल्यात आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माझ्या सासूबाईंचं माहेर पानशेतच्या बुडीतातलं. त्या यातला एकही शब्द वापरत नाहीत. त्या म्हणतात, "आमचं गाव उठलं." बस एवढंच. मराठीत पंगत उठते, बाजार उठतो, तळ उठतो, बिऱ्हाड उठतं, म्हणजे जे मुळात थोड्या वेळापुरतंच बसलेलं असतं ते उठतं. गावाने तसं उठायचं नसतं. गाव 'वसतं', आणि वसलेलं हलत नाही असं आपण धरून चाललेलो असतो, म्हणून 'गाव उठलं' ऐकताना पोटात काहीतरी होतं आणि 'बाधित' ऐकताना काहीच होत नाही. 'बुडीत'चंही तसंच, बुडीत क्षेत्र आणि बुडीत कर्ज, शब्द एकच, बँकेचं पैशापुरतं असतं. रिंगाण वाचताना पानापानाला मला त्या आठवत होत्या.

अशा पुस्तकांना परीक्षणांत सरसकट 'अस्सल मातीतली', 'ग्रामीण' अशी विशेषणं लावून मोकळे होतात ते मला खटकतं. त्याने वाचकाला वाटतं की हे आपल्यापासून लांबचं काहीतरी आहे. खडकवासल्याचं पाणी रोज नळाला येतं की आपल्या!

*

गावठाणबद्दलही लिहा ना. पुण्यात तर तो बसच्या पाटीवरचा शब्द आहे.

*

हो, कोथरूड गावठाण, पाषाण गावठाण, आणि जुन्या भांबुर्ड्याचं शिवाजीनगर गावठाण. ठाण म्हणजे स्थान, ठाणं. महसूल खात्याच्या भाषेत गावाची वस्तीची जागा, शेतीची नव्हे. आपल्याकडे गाव गेलं, आजूबाजूला टॉवर आले आणि ठाण तेवढं उरलं. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, तिकडेही आता हेच सुरू आहे.

'झड-झिंबड'बद्दल एवढंच की 'झड लागली' हा शब्द पुण्यात हल्ली फारसा ऐकू येत नाही, रिपरिप म्हणतात, पण रिपरिप त्रासदायक असते आणि झड घाबरवते.

*

कोणी रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' वाचली का? कुलवृत्तांत हा शब्द आमच्या घरात पोथीसारखा होता, आमच्या आडनावाचा जाडजूड ग्रंथ आजोबांच्या कपाटात. कादंबरीला तेच नाव बघून आधी चमकलो.

*

वाचली, २०१९ ला आली तेव्हाच. जवळजवळ आठशे पानं आहेत आणि मधली काही मला जड गेली, माहितीच माहिती येते. पण नाव अचूक आहे. पेठांमधल्या त्या कुलवृत्तांतांत जन्म, विवाह, गोत्र, मूळ गाव अशी नोंद असते. इथे शेतकरी घराण्याने तोच शब्द घेतलाय आणि कित्येक पिढ्यांत जे नोंदवलंच गेलं नाही ते कल्पनेने भरलंय. शब्दावर असा हक्क सांगणं मला फार आवडलं.

*

ताई, बुडीतावरून आठवलं. उन्हाळ्यात पाणी मागं सरकलं की वर आलेल्या गाळाच्या जमिनीत पीक घेतात, त्याला गाळपेर म्हणतात. सासूबाईंना विचारा.

*

विचारलं. गाळपेर त्यांना लगेच कळलं, म्हणाल्या त्यांचे भाऊ करायचे, स्वतःच्याच जुन्या वावरात. आणि मे महिन्यात देवळाचं जोतं उघडं पडलं की त्या 'दिसलं' म्हणत नाहीत, 'गाव वर आलं' म्हणतात. गाळपेर हा शब्द कुठल्या कादंबरीत आलेला कोणाला आठवत असेल तर नक्की सांगा, पुढच्या महिन्यात तीच घेईन वाचायला.