गाडी स्टार्ट होत नाहीये, बाबांना परळला न्यायचंय, लवकर मदत हवी आहे

पावसाळी_छत्री, सकाळी ८:०५
किल्ली फिरवली की नुसतं कट् कट् कट्. शेजारचे काका त्यांच्या गाडीवरून वायर लावायला तयार आहेत, पण त्यांनीही हे कधी केलेलं नाही. कोणती वायर कुठे लावायची? बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, साडेअकराला हजर व्हायचंय. मुलुंडहून दहाच्या आत निघायलाच हवं.

घाटरस्ता, ८:०९
पेट्रोल, डिझेल की सीएनजी? गिअर कसले? डॅशबोर्डचे दिवे लागतात का? किती दिवस उभी होती? हे कळल्याशिवाय काय सांगणार ताई.

जुनी_पद्मिनी, ८:११
वायरबियर काही लागत नाही. इग्निशन ऑन, सेकंड गिअर, क्लच दाबून ठेवायचा, दोघांनी मागून धक्का द्यायचा, वेग आला की क्लच सोडायचा. माझी पद्मिनी मी एक अख्खा पावसाळा अशीच चालवली.

पावसाळी_छत्री, ८:१४
काका, क्लचच नाहीये, ऑटो गिअर आहे. पेट्रोल. दिवे मिणमिणतात आणि किल्ली फिरवली की विझतात. गणपतीला ट्रेनने रत्नागिरीला गेलो होतो, १६ दिवस गाडी जागची हलली नाही.

रात्रपाळी, ८:१६
मग बॅटरीच उतरलीय. ऑटोला धक्का मारू नका.

चहा_कमी_साखर, ८:१७
टॅक्सी बोलवा ना सरळ. आणि नवी बॅटरी घेताना जास्त वॉरंटीवालीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

पावसाळी_छत्री, ८:१९
बाबांचा गुडघा वाकत नाही, आमच्या गाडीत पुढची सीट पूर्ण मागे जाते म्हणून ते नीट बसतात. टॅक्सी अगदीच नाइलाज झाला तर. कृपया वायरचं सांगा.

घाटरस्ता, ८:२४
नीट वाचा. दोन्ही गाड्या बंद, एकमेकींना टेकलेल्या नकोत. आधी लाल चिमटा तुमच्या बॅटरीच्या प्लसला. लाल वायरचं दुसरं टोक काकांच्या प्लसला. मग काळा चिमटा काकांच्या मायनसला. काळ्याचं शेवटचं टोक तुमच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब. काकांची गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा, मग तुमची किल्ली फिरवा. चालू झाली की उलट क्रमाने काढा, म्हणजे तुमच्या इंजिनावरचा काळा सगळ्यात आधी. चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

रात्रपाळी, ८:२७
मी गेली दहा वर्षं काळा थेट मायनसलाच लावतोय, काही होत नाही. उगाच घाबरवू नका.

घाटरस्ता, ८:३०
बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटचा चिमटा लावताना ठिणगी पडते. दहा वर्षं झालं नाही म्हणून आज होणार नाही असं नाही. पहिल्यांदा करणाऱ्याला तरी सुरक्षितच सांगू या. आणि प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर फ्यूज, अल्टरनेटर, सगळंच जाऊ शकतं.

लोकल_८_१२, ८:३३
आमच्या सोसायटीत उंदरांनी वायरिंग कुरतडलं होतं. बॉनेट उघडून तेही बघा. कमिटीला तीनदा पत्र दिलं, कोणी दखल घेत नाही.

पावसाळी_छत्री, ८:३६
अडचण! आमच्या गाडीचं तोंड भिंतीकडे आहे, काकांची वायर पुरत नाही. ढकलून मागे घ्यावी तर चाकं हलत नाहीत.

घाटरस्ता, ८:३८
गिअरमध्ये उभी केली होती का? एएमटी (म्हणजे मोटरने गिअर बदलणारी ऑटो) असेल तर बॅटरी मेल्यावर न्यूट्रल पडत नाही. ढकलू नका. शेजारच्या जागेत काय आहे?

पावसाळी_छत्री, ८:३९
हो, गिअरमध्येच होती. शेजारी दोन स्कूटर आहेत.

चहा_कमी_साखर, ८:४१
मग स्कूटरवरूनच करंट घ्या की. तीही १२ व्होल्टचीच असते.

रात्रपाळी, ८:४३
व्होल्ट सारखे असून भागत नाही. स्टार्टर मोटर एका झटक्यात शंभराच्या वर अँपिअर ओढते, स्कूटरची इवलीशी बॅटरी कुठून देणार? ताई, वॉचमनला सांगून स्कूटर हलवा आणि काकांची गाडी त्या जागेत तोंड भिंतीकडे करून घाला. बॉनेटशेजारी बॉनेट आलं की वायर पुरेल.

घाटरस्ता, ८:४४
हे बरोबर. आणि चिमटे लावण्याआधी टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर पुसून घ्या.

पावसाळी_छत्री, ९:२१
झाली चालू!! भुकटी होती, पुसली. पहिल्यांदा पुन्हा कट् कट् झालं, अजून पाच मिनिटं थांबलो आणि दुसऱ्यांदा घेतली. काळा इंजिनाच्या बोल्टलाच लावला. निघतोय. परळला बंद केली तर परत चालू होईल ना?

रात्रपाळी, ९:२३
तासभर चालेल, बहुतेक होईल. एसी आणि हेडलाइट कमी वापरा. काकांची वायर डिकीत ठेवून घ्या. एक सांगा, डॅशकॅम आहे का? चांगली बॅटरी १६ दिवसांत एवढी उतरू नये.

पावसाळी_छत्री, दुपारी ३:४०
बाबांचं ऑपरेशन छान झालं. गाडी परळला एका किल्लीत चालू झाली. डॅशकॅम आहे, हो! दिवाळीत बसवलाय, गाडी बंद असली तरी त्याचा निळा दिवा चालू असतो, कधी लक्षातच आलं नाही. आत्ताच त्याची वायर काढून ठेवली.

रात्रपाळी, ३:५२
मग चोर सापडला. उद्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी मीटरने व्होल्टेज बघून घ्या. १२.४ च्या वर असेल तर ठीक. १२ च्या आसपास असेल तर गॅरेजमध्ये लोड टेस्ट (भार देऊन बॅटरीची तपासणी) करा आणि बॅटरी किती वर्षांची आहे ते इथे सांगा.

जुनी_पद्मिनी, ४:१०
बाबांना आठ दिवस डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका हो.