क्रोम सोडायचा तर जायचं कुठे?

सातारकर: ज्या गूगलचं पोट जाहिरातींवर चालतं, त्याच्याच क्रोम ब्राउझरकडून खासगीपणाची अपेक्षा करू नये, असं माझं मत. थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे आपण उघडलेली साइट सोडून दुसऱ्याच कंपन्या आपला माग काढायला ब्राउझरमध्ये ठेवतात त्या नोंदी, क्रोममधून दोन वर्षांत घालवतो, असं गूगलने २०२० मध्ये सांगितलं. तारखा पुढे ढकलत २०२४ च्या जुलैत बेतच गुंडाळला. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये २०२२ पासून प्रत्येक साइटच्या कुकीज वेगळ्या ठेवल्या जातात, तेही सेटिंगला हात न लावता.

नाना_नाशिक: फायरफॉक्स काय धुतल्या तांदळाचा? तो बनवणाऱ्या मोझिलाची बहुतेक कमाई गूगल सर्च डीफॉल्ट ठेवण्याच्या करारातूनच येते. २०२४ मध्ये १२८ व्या आवृत्तीत जाहिरातींचा परिणाम मोजणारी सोय कुणाला न विचारता चालू करून ठेवली होती. त्यापेक्षा ब्रेव्ह ब्राउझर घ्या.

सातारकर: नाना, ब्रेव्हचं २०२० विसरलात? बायनान्स या क्रिप्टो-चलनाच्या बाजाराचा पत्ता टाइप केला की गिऱ्हाईक पाठवल्याचं कमिशन मिळवून देणारा स्वतःचा रेफरल कोड गुपचूप चिकटवायचा. बोंबाबोंब झाली तेव्हा थांबला. आणि फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन अजून पूर्ण ताकदीने चालतं, अँड्रॉइडवरसुद्धा. क्रोमने एक्स्टेंशनसाठी मॅनिफेस्ट व्ही३ हे नवे नियम आणून ते बाद केलं.

मीरा_ठाणे: क्रोमच्या इन्कॉग्निटोने, म्हणजे हिस्टरी न ठेवणाऱ्या खिडकीने, भागत नाही का?

नाना_नाशिक: नाही हो ताई. त्याने हिस्टरी फक्त घरच्यांपासून लपते. साइटला, ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही दिसताच. यावरूनच अमेरिकेत गूगलवर दावा झाला आणि २०२४ च्या तडजोडीत अब्जावधी नोंदी पुसायचं कबूल करावं लागलं.

खवचट_काका: चालू द्या! ब्राउझर बदलाल आणि त्यातच गूगलचंच जीमेल दिवसभर उघडं ठेवाल. खरेदी, नकाशा, रिक्षा सगळं ॲपवर, तिथे तुमचा ब्राउझर काय करणार? दुकानात बिलाला मोबाइल नंबर मागितला की दहाही आकडे घडाघडा सांगतो आपण.

सातारकर: ॲपचं मान्य, काका. पण शुगर वाढली, मूल होत नाही, कर्जाचा हप्ता थकला, हे माणूस आधी ब्राउझरमध्येच शोधतो. निदान तेवढं तरी जाहिरातवाल्यांच्या हाती लागू नये.

मीरा_ठाणे: पटलं. पण आमच्या बँकेची साइट फायरफॉक्समध्ये ओटीपीच्या पानावर अडून बसते, त्याचं काय?

नाना_नाशिक: बँकेपुरता क्रोम ठेवा, त्यात दुसरं काही उघडू नका. बाकीला फायरफॉक्स की ब्रेव्ह, यावर सातारकरांशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही.