काटकसर दिल्लीची, कात्री सत्तरीला?

वाळपईवाला (धागाकर्ता)

विषय डीडी गोवाचा, म्हणजे दूरदर्शनच्या गोव्यातल्या वाहिनीचा: दिल्लीत काटकसर ठरली की कात्री आमच्या सत्तरी तालुक्यासारख्या आडभागातल्या चित्रणाला का लागते? आधी अमेरिकेचं बघा. तिथे २०२५च्या जुलैत सार्वजनिक प्रसारणाचं सुमारे १.१ अब्ज डॉलरचं केंद्रीय अनुदान काढून घेतलं. मोठ्या शहरांतल्या केंद्रांना देणगीदार आहेत, ती कशीबशी तरतील. खरी गोची झाली अलास्कातल्या बेथेलसारख्या आडगावांची. तिथलं युपिक भाषेत बातम्या देणारं केंद्र बरंचसं याच पैशावर चालायचं.

आपल्याकडे असं एका झटक्यात होत नाही, मुरत मुरत होतं. २०१९ उजाडलं तेव्हा आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीला टाळं लागलं. मग दूरदर्शनचे अॅनालॉग ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद करत आणले, मोक्याच्या जागचे पन्नासेक तेवढे ठेवायचे ठरले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. छपरावर चढून अँटेना फिरवायचा आणि "गेल्या काय गो मुंग्या?" म्हणून खाली ओरडायचं, ते दिवस कुणाला परत नकोत.

२०१९च्याच मार्चमध्ये डीडी गोवा फ्री डिशवर, म्हणजे दूरदर्शनच्या विनाशुल्क उपग्रह सेवेवर, आणल्याची घोषणा झाली, तेव्हा आम्ही खूश होतो. पण उपग्रहावर जागा मिळणं वेगळं आणि त्या जागेत घालायला ताजं चित्रण असणं वेगळं. माझं म्हणणं एवढंच, की काटकसर करायचीच तर स्टुडिओत दोन खुर्च्या मांडून होणाऱ्या मुलाखतींवर करा. झर्म्याचा चोरोत्सव, सत्तरीतलं रणमालें हे लोकनाट्य, घोडेमोडणीचा नाच, पौषातले बायकांचे धालो, पेडण्याचा दशावतार, इथे येणारा कॅमेरा बंद करू नका. बाकी काय वाटतं ते लिहा.

रायबंदर

सरळ विचारतो, बघतो कोण? आमच्या घरी आईसुद्धा सासू-सुनांच्या मालिकांवरून हलत नाही. शिगम्याला आता देवस्थान समितीच यूट्यूबवर लाइव्ह टाकते आणि दुबईत, लंडनला असलेला गावकार तिथे बसून बघतो. २०११च्या जनगणनेत आख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. त्यातल्या दोन-तीन तालुक्यांसाठी गाडी, क्रू, डिझेल, भत्ते हे सगळं करदात्याने का सोसायचं? तोच पैसा मोबाइल टॉवरला द्या. लोक आपलं आपण टिपतील.

जुना संकलक

रायबंदरबाब, या कामात अर्धं आयुष्य गेलं म्हणून लिहितो.

मोबाइलवर रणमालें टिपलेलं तुम्ही कानाला लावून ऐकलंय? फोनवाला पुढे बसतो. त्याच्या फोनमध्ये घुमट (मातीच्या भांड्याचं चर्मवाद्य) भरतं आणि मागच्या रांगेतल्या गाणाऱ्यांचे शब्द जातात. शब्द गेले तर उरलं काय, सोंगं! नीट करायचं तर दोन माइक गाणाऱ्यांच्या रांगेवर लागतात, एक घुमटाला बाजूला, आणि जनरेटर मांडापासून, म्हणजे खेळाच्या जागेपासून, चांगला लांब न्यावा लागतो, नाहीतर त्याची घरघर सबंध रेकॉर्डिंगवर बसते. शिवाय आदल्या दिवशी जाऊन गावच्या जाणत्यांना विचारायचं, की दिवा कुठे लावला तर चालेल आणि कुठे नाही. या सगळ्याला माणूस लागतो, आणि तो यूट्यूबबरोबर फुकट मिळत नाही.

आता कात्री कुठे लागते ते सांगतो. सरकारी प्रसारणात पगाराला हात लावता येत नाही. वीज, इमारत, देखभाल यांनाही नाही. मग उरतं काय? बाह्य चित्रणाची गाडी, रात्रीचा भत्ता आणि कॅज्युअल माणसांची बुकिंग. कॅमेरा, संकलन, निवेदन यातलं बरंचसं काम महिन्याचे ठरावीक दिवस मिळणारी ही कॅज्युअल मंडळीच ओढतात. बुकिंग दोन दिवसांनी कमी केली की कागदावर कुणाचीच नोकरी जात नाही. फक्त सत्तरीची फेरी रद्द होते. कुठे बातमी नाही, कुठे बोंब नाही.

रायबंदर

माइकचं पटलं. पण मग सांगा, इतक्या वर्षांत जे नीट टिपलं ते आहे कुठे? जुन्या काळी टेपा पुसून त्यांच्यावरच पुन्हा चित्रण करायचे, हे दूरदर्शनबद्दल सगळ्यांनाच ठाऊक आहे. जे वाचलं ते कपाटात. एखाद्या सोंगाड्याच्या नातवाला आजोबाचं काम बघावंसं वाटलं तर त्याने कुठल्या खिडकीवर जायचं? यूट्यूबचा आवाज वाईट असेल, पण तो नातू खिशातून फोन काढून बघतो तरी. तुमचं चांगलं रेकॉर्डिंग आणि नसलेलं रेकॉर्डिंग त्याला सारखंच.

वाळपईवाला

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे. दूरदर्शन-आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीने जुना संग्रह यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली खरी, पण त्यात आमच्या मांडावरचं काही शोधायला बसलात तर रात्र सरेल. म्हणून काय टिपणंच थांबवायचं? कपाटाची चावी मागू या की.

गावडोंगरी

टॉवरला पैसे द्या म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार. करोनाच्या काळात नेत्रावळीच्या अभयारण्यातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी डोंगर चढून नेटवर्क शोधत होती, त्याच्या बातम्या देशभर गेल्या. टॉवर आले तर पायघड्या घालू, पण तोवर काय?

आमच्या वाड्यावर फ्री डिशची छत्री चालते. एकदा पैसे भरले की महिन्याला काही द्यावं लागत नाही, म्हणून चालते. तिचं तोंड आग्नेयेला. समोरच्या फणसाची फांदी वाढली की पावसात चित्राचे चौकोन चौकोन होतात. मग कुणीतरी कोयता घेऊन वर चढतो. पाऊस फारच लागला तर तेही नाही, बसा काळ्या पडद्याकडे बघत. एवढं करून आम्ही बघतो ते आमच्यासारखी माणसं दिसतात म्हणून. केबलवरच्या खासगी गोमंतकीय वाहिन्या बातम्या जोरात देतात, त्यांना नावं ठेवत नाही. पण त्यांची गाडी आमच्याकडे येते ती निवडणुकीला, किंवा वाघ दिसला तर.

हिशेबी

थोडे आकडे. जानेवारी २०२३मध्ये केंद्र सरकारने प्रसार भारतीच्या पायाभूत सुविधांसाठी २,५३९.६१ कोटींची योजना मंजूर केली, मुदत २०२५-२६पर्यंत. त्यात सीमावर्ती, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि दुर्गम भागांत ८ लाखांहून जास्त फ्री डिश बॉक्स फुकट वाटायचे होते. म्हणजे "पैसाच नाही" हे रडगाणं अर्धंच खरं. पैसा यंत्रांना मिळतो, बॉक्सला मिळतो. बॉक्समधून दिसायचं काय, त्याची तरतूद करताना हात आखडतो. शिवाय फ्री डिशवरच्या जागा खासगी वाहिन्यांना लिलावाने विकून प्रसार भारतीला दरवर्षी कोट्यवधी मिळतात. त्यातला थोडा वाटा राज्यांच्या केंद्रांना फक्त बाह्य चित्रणासाठी बांधून द्यावा, अशी मागणी करा. मोघम "अनुदान वाढवा" म्हटलं की फाइल दिल्लीत झोपते.

धारबांदोडा

मी दोन्ही बाजूंना नाही. मे २०२१मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं तेव्हा आमच्याकडे वीज गेली, पाठोपाठ मोबाइलही गेले. टीव्ही होता भिंतीवर, शोभेचा. अशा वेळी उपयोग सेलवरच्या रेडिओचा. दुर्गम भागाचा एवढा कळवळा असेल तर आधी आकाशवाणी पणजीचं स्थानिक प्रसारण सांभाळा. रेडिओवाला एक रेकॉर्डर घेऊन कदंबा बसने येतो. खर्च नगण्य.

जुना संकलक

आपत्तीत रेडिओच, वादच नाही. पण घोडेमोडणी रेडिओवर कशी दाखवणार हो? कमरेला घोडा बांधून तलवार उपसून नाचणारा माणूस निवेदकाने वर्णन करून सांगायचा?

ताळगावचो

सगळे एक गोष्ट शिताफीने टाळताय. डीडी गोवावर मराठीला वेळ किती आणि कोकणीला किती, ते आधी बोला. १९८७च्या राजभाषा कायद्यापासून...

संपादक मंडळ

ताळगावचो, त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तो चारशे प्रतिसादांवर आहे. तिथे जावे.

गावडोंगरी

थांबा, मला उत्तर द्यायचंय. आमच्या बायका धालोत ज्या बोलीत गातात ती पणजीतल्या दोन्ही पक्षांना धड कळत नाही. तिला वेळ कुणी मागितलाय? मागितला तर दोघे मिळून देणार काय?

रायबंदर

बरोबर. आणि गंमत बघा, प्रसार भारतीने कार्यक्रम बघायचं आपलं वेव्हज ॲप नोव्हेंबर २०२४मध्ये सुरू केलं ते इथेच, इफ्फी चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला. गोव्यात सोहळा झाला, पण त्या ॲपवर सत्तरीतलं रणमालें शोधून दाखवा. मी अजूनही म्हणेन, स्वतंत्र वाहिनी हा पांढरा हत्ती आहे. वाहिनी राहो न राहो, चार माणसांचं एक पथक ठेवा, चांगले माइक द्या, टिपलेलं सगळं त्याच आठवड्यात ॲपवर आणि यूट्यूबवर टाका, गावाला एक प्रत द्या.

वाळपईवाला

गावाला प्रत, हे मला हवंच होतं. पण वाहिनी गेली की पथक कुणाच्या खात्यावर ठेवणार? वाहिनी आहे म्हणून केंद्र आहे, केंद्र आहे म्हणून गाडी आहे. वाहिनी बंद झाल्यावर "पथक ठेवू" म्हणणारा साहेब बदलून जाईल आणि पथकही जाईल. इथे मी तुमच्याशी सहमत होणार नाही.

हिशेबींची लिलावाच्या वाट्याची मागणी आणि गावाला प्रत, हे दोन मुद्दे घेऊन आमच्या ग्रामसभेत ठराव मांडतो. काणकोण, सांगे, पेडण्याच्या मंडळींनीही आपापल्याकडे मांडावा. मसुदा उद्या इथेच टाकतो.

हिशेबी

मसुद्यात रक्कम लिहू नका, टक्केवारी लिहा. रक्कम लिहिली की तीच कापतात.

ताळगावचो

मसुदा मराठीत की कोकणीत?