मदत हवी आहे: रुग्णसुरक्षेच्या कामासाठी कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) किंवा देणगीचा निधी कसा मागावा?

नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमच्या सार्वजनिक न्यासाचे ४० खाटांचे रुग्णालय आहे आणि न्यासाचा सचिव या नात्याने निधी उभारण्याचे काम माझ्याकडे आहे. प्राप्तिकराच्या १२एबी आणि ८०जी या दोन्ही नोंदण्या चालू आहेत, सीएसआर निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ हा अर्ज भरून क्रमांकही मिळालेला आहे. त्यामुळे कागदपत्रांची यादी कृपया सुचवू नये. अडचण वेगळी आहे.

आम्हाला यंत्रांसाठी देणग्या मिळतात, पण ती सुरक्षितपणे वापरणाऱ्या माणसांसाठी मिळत नाहीत. डायलिसिसचे यंत्र मिळाले, रुग्णवाहिका मिळाली, अतिदक्षता विभागातील मॉनिटर मिळाले. प्रत्येकावर देणगीदाराच्या नावाची पाटी आहे आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. आता जे हवे आहे त्यावर मात्र पाटी लावायला जागा नाही. संसर्ग नियंत्रणाचे काम पूर्णवेळ पाहणाऱ्या एका परिचारिकेचा तीन वर्षांचा पगार, सर्व परिचारिकांचे औषधसुरक्षेचे प्रशिक्षण, शस्त्रक्रियागृहातील निर्जंतुकीकरणाची नियमित तपासणी आणि रुग्णालयांचा दर्जा तपासणाऱ्या एनएबीएच या मंडळाच्या प्रवेशस्तरीय प्रमाणपत्राची तयारी, असा आमचा प्रस्ताव आहे. एका कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यांनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "सगळे पटते, पण यात उद्घाटन कशाचे करायचे?"

काम किती साधे असते याचे एक उदाहरण देतो. वॉर्डातील औषधांच्या ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडचे आणि इंजेक्शनसाठीच्या पाण्याचे अ‍ॅम्प्यूल शेजारीशेजारी ठेवलेले असत. दोन्ही पारदर्शक, आकाराने जवळजवळ सारखे, आणि त्यांवरील अक्षरे रात्रपाळीच्या उजेडात वाचायला अवघड. पातळ न केलेले पोटॅशियम थेट शिरेतून गेले तर हृदय बंद पडू शकते. म्हणून तीव्र द्रावण वॉर्डातून हलवून कुलपात ठेवले, वर ठळक पट्टी लावली आणि ते काढताना दुसऱ्या परिचारिकेने नाव वाचून खात्री करावी असा नियम केला. यात खर्च असा फारसा झाला नाही. परंतु हा नियम सहा महिन्यांनी, नवीन मुली कामावर आल्यानंतरही पाळला जातो आहे का, हे पाहायला कोणीतरी लागते, आणि त्या माणसाचा पगार कोणत्याच देणगीच्या शीर्षाखाली बसत नाही. धर्मादाय योजनेप्रमाणे देयकांच्या २ टक्के रक्कम आम्ही निर्धन रुग्ण निधीत जमा करतो, पण तो पैसा त्या रुग्णांच्या उपचारांचाच आहे. त्याला हात लावायचा नाही, हे विश्वस्तांचे एकमताने ठरलेले आहे.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे. परिचारिकेचा पगार त्या मर्यादेत मोडतो, असे एका कंपनीने सांगितले, ते बरोबर आहे का? तीन वर्षांच्या कामासाठी कंपनी एकदम बांधून घेऊ शकते का, की दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा दारात उभे राहावे लागते? गावातील काही जण अमेरिकेत स्थायिक आहेत आणि पैसे पाठवायला तयार आहेत; परदेशी देणग्या घेण्यासाठी लागणारी एफसीआरए नोंदणी आमच्याकडे नाही, तर त्यांच्याकडून घ्यावेत का? आणि सर्वांत नाजूक प्रश्न म्हणजे, देणगीदाराने घडलेल्या चुकांची आकडेवारी मागितली तर किती द्यावी? चुका मोकळेपणाने नोंदवा, असे परिचारिकांना सांगायचे आणि तीच नोंदवही कंपनीच्या बैठकीत फिरवायची, हे मला योग्य वाटत नाही.

प्रतिसाद १

सचिवसाहेब, मी एका कंपनीच्या सीएसआर विभागात काम केले आहे, म्हणून पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहितो. ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर व्यवस्थापनाच्या सर्वसाधारण खर्चावर आहे. प्रकल्पात प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाचा पगार हा प्रकल्पाचाच खर्च असतो. शाळेच्या प्रकल्पातील शिक्षकाचा पगार जसा प्रशासकीय धरत नाहीत, तसेच हे. प्रस्तावात 'कर्मचारी खर्च' असे मोघम शीर्ष न देता 'संसर्ग नियंत्रण परिचारिका' असे लिहून तिचे काम समोर मांडावे. दुसरे, नियमांत चालू प्रकल्प अशी सोय आहे: ज्या आर्थिक वर्षात काम सुरू झाले ते वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत तो चालू शकतो, आणि त्यासाठीची न खर्चलेली रक्कम कंपनीला आर्थिक वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. त्यामुळे फेब्रुवारीत उरलेला पैसा गोळा करायला जाण्यापेक्षा एप्रिल-मे महिन्यांत, अंदाजपत्रक ठरत असताना, भेटावे.

उद्घाटनाच्या प्रश्नावर हसू नका, अधिकाऱ्याला वर उत्तर द्यायचे असते. १७ सप्टेंबर हा जागतिक रुग्णसुरक्षा दिन आहे. त्या दिवशी कंपनीच्या लोकांना बोलावून वर्षभराचे काम दाखवता येईल.

प्रतिसाद २

मी भूलतज्ज्ञ आहे. काय मोजणार, हे प्रस्तावात नसेल तर पैसे मिळूनही पुढे पंचाईत होते. ब्रिटनमधील हेल्थ फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने २००४ पासून काही रुग्णालयांना रुग्णसुरक्षेसाठी निधी आणि मार्गदर्शन दिले. नंतरच्या मूल्यमापनात सुधारणा दिसली खरी, पण निधी न मिळालेल्या रुग्णालयांतही ती बरीचशी तशीच दिसली, त्यामुळे उपक्रमाचे वेगळे श्रेय दाखवणे अवघड झाले. उलट जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया तपासणी यादीची चाचणी पाहा. यादीत अवघे १९ मुद्दे, भूल देण्यापूर्वी, चीर देण्यापूर्वी आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी वाचायचे. आठ देशांतील आठ रुग्णालयांत, त्यांपैकी एक नवी दिल्लीतील, आधीची आकडेवारी घेऊन मगच ती लागू केली, आणि मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून निधी येण्याआधीचे काही महिने तरी शस्त्रक्रियेनंतरचे जखमेचे संसर्ग आणि दर १००० रुग्णदिवसांमागे हात निर्जंतुक करण्याचे द्रावण किती लिटर वापरले गेले, एवढे तरी नोंदवून ठेवा.

चुकांच्या नोंदींबद्दल तुमचे म्हणणे मला पटते. देणगीदाराला एकत्रित आकडे आणि त्यावर केलेले उपाय द्यावेत. रुग्णाचे वा कर्मचाऱ्याचे नाव ओळखता येईल असे काही देऊ नये, आणि हे करारातच लिहून घ्यावे. पहिल्या वर्षी नोंदींची संख्या वाढेल, हेही आधीच सांगून ठेवा. नोंदवायची भीती गेली की आकडा वर जातो, आणि न सांगितल्यास कंपनीला वाटते की आपल्या पैशाने रुग्णालय बिघडले.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. पगाराचे शीर्ष बदलतो आणि जखमेच्या संसर्गाची नोंद या महिन्यापासून सुरू करायला सांगतो. परदेशातील देणग्यांचा प्रश्न अजून खुला आहे.

प्रतिसाद ३

त्यांच्या पारपत्रावर ते अवलंबून आहे. भारतीय नागरिकत्व असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान ठरत नाही. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे, मग त्यांच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, त्यांच्याकडून एफसीआरए नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय एक रुपयाही घेऊ नका. पैसे स्वीकारण्यापूर्वी प्रत्येकाकडून पारपत्राची प्रत मागून घ्या, आणि तुमच्या लेखापरीक्षकांना दाखवा.