सकाळी सेल मारला की बेल्ट किंचाळतोय, नवीन बेल्ट घालूनही तेच. काय बघू?

जांबोटी_रोड
नमस्कार मंडळी. गाडी स्विफ्ट डिझेल, 2014 ची, केए 22 पासिंग. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी पहिला सेल मारला की बोनेटखालून असा किंचाळल्यासारखा आवाज येऊलाय की अख्खी गल्ली उठते. थोडा वेळ गेला की आपोआप बंद होतो, पण एसी लावला की परत चालू, आणि चिखलाच्या रस्त्यावरनं आलं की जास्तच. खानापुरात एका गॅरेजला दाखवलं, त्यांनी बोनेट उघडून लगेच बेल्ट बदलला, बिल दिलं, आणि आठवडाभरात आवाज परत हजर. आता ते म्हणतात डायनमो गेलाय, तो बदलूया. डायनमो म्हणजे खर्च मोठा, बॅटरी तर व्यवस्थित चार्ज होते, लाइट पण लागत नाही मीटरमध्ये. खरंच डायनमो असेल काय? की आधी घरी काही बघता येईल? सांगा की कुणीतरी. शनिवारी चोर्लामार्गे गोव्याला जायचंय, घरची मंडळी सोबत आहेत.

निपाणी_ऊसवाला
दादा, बेल्टला आतल्या बाजूनं अंगाचा साबण घासा, आवाज बंद. आमच्याकडं ट्रॅक्टरला फॅन बेल्ट ओरडला की सगळे हेच करतात, गळीत हंगामात कारखान्यापुढं रांगेत उभं असताना कोण गॅरेज शोधणार.

उद्यमबाग_टर्नर
साबण नको. ग्रीस नको, स्प्रे पण नको. साबणानं आवाज जातो तो पकड गेल्यामुळं, बेल्ट घसरतोच आहे, फक्त मुकाट्यानं घसरतोय. वर त्या चिकट्याला आपली लाल माती धरते आणि पुलीच्या खाचा भरून जातात. ट्रॅक्टरचा जुना व्ही बेल्ट एकवेळ खपवून घेईल, कारमधला पट्ट्यापट्ट्यांचा बेल्ट घेणार नाही.

आता जांबोटी भाऊ, तुम्ही जे सांगितलंत त्यातच अर्धं उत्तर आहे. सेल मारला की बॅटरीतनं भरपूर करंट जातो, तो भरून काढायला गाडी चालू झाल्या झाल्या अल्टरनेटरवर (तुम्ही डायनमो म्हणता तोच, बॅटरी चार्ज करणारा) लोड येतो, म्हणजे त्याची पुली फिरवायला बेल्टला जास्त जोर लागतो. त्यात बेल्ट दमट. एसी लावला की कॉम्प्रेसरचा लोड आला, परत तेच. लोड आला की आवाज, लोड उतरला की गप्प, म्हणजे बेल्ट घसरतोय, आणि बेल्ट घसरतो तो बहुतेक वेळा ताण कमी पडल्यामुळं. तुमचा बेल्ट नवा असेल हो, पण त्याला ताणून धरणारा टेन्शनर जुनाच आहे ना? त्याची स्प्रिंग ढिली पडली असेल तर कितीही बेल्ट घाला, फरक पडायचा नाही.

खात्री करायची तर पाण्याची टेस्ट करा. इस्त्रीला कपड्यावर मारतो ती फवारणीची बाटली घ्या, साधं पाणी भरा. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढून चालू करा, आवाज येत असताना बेल्टच्या खाचांच्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज लगेच वाढला तर ताण कमी. आवाज क्षणभर गेला आणि पाणी उडाल्यावर परत आला तर कुठली तरी पुली रेषेत नाही, वाकडी बसलीय. पुली वाकडी असते तेव्हा आवाज पण वेगळा असतो बघा, लांब किंचाळी नसते, चिर्र चिर्र असं तुटक तुटक येतं आणि रेस वाढवली की त्याचा वेगही वाढतो. हे करताना बाह्या वर, गळ्यात काही लोंबतं नको, हात लांब ठेवा. रेडिएटरचा फॅन स्वतःहून सुरू होतो तेही ध्यानात असू द्या.

मग गाडी बंद करून गार झाल्यावर टॉर्चनं पुल्यांच्या खाचा बघा. माती घट्ट बसलेली असेल तर ब्रशनं काढा. बेल्टवर कुठं तेलाचा किंवा कूलंटचा ओला डाग आहे काय तेही. गळती असेल तर आधी ती बंद करायची, नाहीतर नवा बेल्ट पण जाणार.

चोर्ला_भाजीगाडी
वरचं सगळं बरोबर, एक भर घालतो कारण घाटात जायचं म्हणताय. आम्ही बेळगावातनं गोव्याला भाजी नेतो, रात्री निघतो. आमच्या पिकअपला किंचाळी नव्हती, घर्रर्र असा आवाज होता, गाडी गरम असो गार असो सतत. ड्रायव्हर म्हणाला चालतंय, आणि कणकुंबीच्या पुढं धो धो पावसात आयडलरचं (बेल्टला नुसती वाट देणारी पुली असते ती) बेअरिंग जाम झालं, बेल्ट पुलीवर घासून रबराचा वास सुटला आणि तुटला. बॅटरीचा लाल दिवा लागला, पाठोपाठ टेम्परेचरचा काटा चढायला लागला, कारण वॉटर पंप त्याच बेल्टवर. जागेवर गाडी बंद केली म्हणून इंजिन वाचलं, तसंच पुढं रेटलं असतं तर इंजिनचं हेड गेलंच होतं. माल मात्र सकाळपर्यंत तिथंच. म्हणून सांगतो, किंचाळी वेगळी आणि घरघर वेगळी, घरघर असेल तर एक फेरी पण पुढं ढकलू नका.

बेअरिंग बघायचं सोपं आहे, गाडी बंद असताना बेल्ट उतरवायचा (उतरवण्याआधी कुठनं कसा गेलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा, नाहीतर बसवताना घोळ होतो) आणि प्रत्येक पुली हातानं फिरवायची. गुळगुळीत, आवाज न करता फिरली पाहिजे. खरखर लागली, पुढंमागं हलली, किंवा ग्रीस वाळून गेल्यासारखी भसाभस फिरतच राहिली तर ते बेअरिंग गेलं समजा.

जांबोटी_रोड
धन्यवाद सगळ्यांना, जीव जरा भांड्यात पडला. पाणी मारलं, आवाज लगेच वाढला आणि वाढलेलाच राहिला. माती होती खाचांत, ब्रशनं काढली, थोडा फरक पडला पण पूर्ण गेला नाही. तेलाचा डाग कुठं नाही. आणखी एक दिसलं, गाडी चालू असताना टेन्शनरचा तो हात नुसता थरथरतोय, एका जागी राहतच नाही. ते नॉर्मल आहे काय? आणि डायनमोचं काय, गॅरेजवाले अजून तेच धरून बसलेत.

उद्यमबाग_टर्नर
थोडीशी हालचाल चालते, पण डोळ्याला दिसेल असा सतत थरथराट नाही चालत. दोनपैकी एक असतं. एक म्हणजे टेन्शनर संपलाय. पाना लावून हात दाबून बघा, जोर एकसारखा लागला पाहिजे आणि सोडल्यावर हात नीट परत आला पाहिजे. अडखळत आला, किंवा सहज दबला, तर बदला. त्याच्या बॉडीवर खूण असेल तर काटा कुठल्या टोकाला गेलाय तेही बघून घ्या.

दुसरं म्हणजे अल्टरनेटरची पुली. बऱ्याच डिझेल गाड्यांना तिथं साधी पुली नसते, फ्रीव्हील असते, सायकलच्या मागच्या चाकासारखी एका बाजूला धरते आणि दुसऱ्या बाजूला मोकळी फिरते. ती जाम झाली की इंजिनचा प्रत्येक धक्का बेल्टवर येतो आणि टेन्शनर नाचतो. तुमच्या गाडीला ती बसवलेली आहे काय ते आधी बघा. असेल तर अल्टरनेटरचा रोटर (आतला फिरणारा भाग) धरून पुली दोन्हीकडं फिरवा. दोन्हीकडं अडकली तर ती पुली बदला, पूर्ण अल्टरनेटर बदलायचं काहीच कारण नाही. चार्जिंग ठीक आहे म्हणताय, बॅटरीवर मीटर लावून गाडी चालू असताना 13.5 ते 14.5 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर डायनमोला हात लावू देऊ नका. माझं मत स्पष्ट आहे, तपासल्याशिवाय पार्ट बदलणं हे दुरुस्तीत धरायचंच नाही, आणि पैसे तुमचे जातात.

बेल्टबद्दल पण एक. आजकालचे बेल्ट बहुतेक ईपीडीएम रबराचे असतात, त्यांना जुन्यासारख्या भेगा लवकर पडत नाहीत, झिजतात. भेगा नाहीत म्हणून चांगला आहे असं नसतं. खाचा झिजून रुंद झाल्या की बेल्ट पुलीत खोल बसतो आणि घसरतो. तुमचा नवा आहे, पण इतके दिवस घसरून खाचांना चकाकी आली असेल तर टेन्शनरबरोबर तोही बदला. दुकानात जुन्या बेल्टवरचा नंबर वाचून दाखवा, 6पीके आणि पुढं आकडा असा काहीसा असतो. 6 म्हणजे पट्ट्या, पुढचा आकडा लांबी, मिलिमीटरमध्ये. जवळपासच्या मापाचा चालतोय म्हणून दुकानदारानं दिला तर घेऊ नका, टेन्शनर चुकीच्या जागी बसतो. खानापुरात घातलेल्या बेल्टचा नंबर कंपनीच्या नंबराशी जुळतो काय, तेही एकदा बघाच.

निपाणी_ऊसवाला
बरोबर आहे टर्नर साहेब, साबणाचं आता आमच्या पोरांना पण सांगतो. आमच्या ट्रॅक्टरला टेन्शनर नाही, डायनमोचा बोल्ट ढिला करून मागं ओढायचा. किती ताण ठेवायचा?

उद्यमबाग_टर्नर
मॅन्युअल असेल तर त्यातलं माप. नसेल तर दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब भागावर अंगठ्यानं दाबून साधारण 10 मिमी दबला पाहिजे. टॉमी (लोखंडी पहार) लावून कडक करू नका, डायनमोचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंग त्यानंच जातं. आणि पुलीचा तळ चकाकतोय काय बघा. व्ही बेल्टनं बाजूंनी धरायचं असतं, तळाला टेकला की बेल्ट नाहीतर पुली झिजलेली आहे, मग ताण देऊन उपयोग नाही.

जांबोटी_रोड
व्होल्ट 14.1 दाखवतंय. पुली साधीच आहे, फ्रीव्हील नाही. टेन्शनरचा हात दाबला तर मध्येच अडखळतोय. टेन्शनर मागवलाय, सोमवारी येणार म्हणाले. शनिवारी तसंच जाऊ काय, एसी न लावता?

चोर्ला_भाजीगाडी
नका जाऊ भाऊ. घाटात रेंज पण मिळत नाही सगळीकडं, आणि घरची माणसं सोबत. कदंबाच्या (गोव्याच्या सरकारी) बसनं जाऊन या, गाडीचं सोमवारी बघा.