मदत हवी: गगनबावड्याच्या ओढ्यातलं शेवाळ, सायटोनीमा की टॉलिपोथ्रिक्स?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात बॉटनीत एमएस्सी करतोय, प्रोजेक्ट नील-हरित शैवालांवर आहे. सायटोनीमा आणि टॉलिपोथ्रिक्स ह्या त्यातल्याच दोन जीनस (जवळच्या स्पीशीजचा एक गट म्हणजे जीनस). गगनबावड्याच्या बाजूला एका ओढ्यात, पाणी कातळावरून पातळसं सरकतं तिथं, काळपट तपकिरी केसाळ थर मिळाला. हाताला मखमलीसारखा लागतो. नॉस्टॉक ह्या दुसऱ्या नील-हरित शैवालासारखा गिळगिळीत गोळा नाही. चिमट्यानं ओढला की बुडखा दगडालाच राहतो, म्हणून ब्लेडनं खरवडला.

मायक्रोस्कोपखाली तंतू आवरणासकट १० ते १३ मायक्रॉन रुंद. आवरण टोकाला बिनरंगी, जुन्या भागात पिवळट तपकिरी (सायटोनेमिन हे उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य असणार, उघड्या कातळावर ऊन काय कमी असतं?). हेटेरोसिस्ट (हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्या जाड भिंतीच्या खास पेशी) आहेत. फांद्या खोट्या, म्हणजे तंतू मध्येच तुटतो आणि त्याचं टोक आवरण फाडून बाहेर येतं.

गाडी अडलीय ती इथं. हेटेरोसिस्टला लागून एकेकटी फांदी असली तर टॉलिपोथ्रिक्स, दोन हेटेरोसिस्टांच्या मधून जोडीनं निघाल्या तर सायटोनीमा, असं शिकवलंय. माझ्याकडं बहुतेक एकेकट्या, पण त्याच स्लाइडवर मधूनच जोडीही दिसते. देशिकाचारींच्या नील-हरित शैवालांवरच्या १९५९च्या ग्रंथातली ओळख-की (लक्षणं ताडून नाव शोधायची यादी) लावली तर दोन्हीकडं अर्धवट बसतंय. सर म्हणतात, स्पीशीजचं राहू दे, आधी जीनस ठरव. ठरवू कशावरून? आणि कल्चर साध्या बीजी-११मध्ये (शैवाल वाढवायचं पोषक द्रावण) लावू का त्यातलं नायट्रेट काढून? नवीन स्पीशीज असेल का, हा किडाही डोक्यात वळवळतोय.

प्रतिसाद
भावा, एखाददुसरी जोडी टॉलिपोथ्रिक्समध्येही सापडते, त्यावर अडू नकोस. बुडखा बघ. दगडाला चिकटलेल्या टोकाला हेटेरोसिस्ट आणि वाढ एकाच दिशेला, असं असेल तर पारडं टॉलिपोथ्रिक्सकडं. सायटोनीमाचा तंतू दोन्ही टोकांना सारखा. त्यासाठी खरवडताना बूड तुटता कामा नये, दगडाचा कपचाच उचलून आण.
नायट्रेट काढूनच लाव. हेटेरोसिस्टवाले हवेतला नायट्रोजन वापरतात, हिरवी शैवाळं मागं पडतात. डीएनएसाठीचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये घालू नकोस. नव्या स्पीशीजचं १६एस (ओळख पटवायला वापरतात त्या जीनचा डीएनए क्रम) आल्याशिवाय बोलू नये. वर्णन २०१२पासून इंग्रजीतही चालतं, लॅटिनच लागतं असं नाही, पण टाइप नमुना (ज्याच्यावर नव्या स्पीशीजचं नाव बेतलेलं असतं तो) हर्बेरियममध्ये, म्हणजे वनस्पती-नमुन्यांच्या संग्रहालयात, ठेवावाच लागतो.

धागाकर्ता
आभारी आहे दादा. थोडा माल फॉर्मॅलिनमध्ये आहे, बाकीचा ओढ्याच्याच पाण्यात जिवंत ठेवलाय. कपचा आणला की बुडख्याचे फोटो इथंच टाकतो.